जो परोपजीवी कधी नव्हताच : दारिए रोगाची गोष्ट

ऑगस्ट १८८९. पॅरिसमध्ये आयफेल मनोरा पुरा होऊन चार-पाच महिने झाले होते आणि विश्वप्रदर्शन पाहायला अवघे युरोप लोटले होते. त्याच दिवसांत शहरातील सँ-लुई रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आजचा धागा त्या वर्षी, त्याच वैद्यकीय वर्तुळात जन्मलेल्या एका चुकीविषयी आहे. चूक निष्काळजीपणाची नव्हती. उलट, त्या काळातील अत्यंत काळजीपूर्वक केलेल्या निरीक्षणांपैकी ते एक होते, आणि म्हणूनच तिचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

आधी स्थळाविषयी थोडे. सँ-लुई रुग्णालयाची स्थापना १६०७ मध्ये चौथ्या हेन्री राजाने केली, ती प्लेगच्या रुग्णांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी. १८०१ पासून ते त्वचारोगांना वाहिलेले रुग्णालय झाले. म्हणजे संसर्गाच्या भयातून ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्याच आत त्वचारोगशास्त्र नावाची विद्या वाढली. छायाचित्रे रंगीत नव्हती, तेव्हा रोग शिकवायचा कसा? १८६७ पासून येथे ज्यूल बारेता नावाचा कारागीर रुग्णांच्या अंगावरून थेट साचे घेऊन मेणाच्या रंगीत प्रतिकृती बनवू लागला. हा गृहस्थ मूळचा कागदाच्या लगद्याची शोभेची फळे बनवणारा. त्याचे कौशल्य पाहून एका डॉक्टरांनी त्याला दुकानातून उचलून रुग्णालयात आणले. पुढे या संग्रहात साडेचार हजारांहून अधिक प्रतिकृती जमल्या आणि तो आजही पाहता येतो. १८८९ ची परिषद याच संग्रहालयाच्या नव्या इमारतीत भरली होती.

मेणाची प्रतिकृती रोगाचा रंग दाखवते, उंचवटा दाखवते. त्वचेच्या आत काय घडले आहे, ते मात्र दाखवत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि सूक्ष्मदर्शकात तरबेज असलेला एक तरुण या रुग्णालयात होता. त्याचे नाव फेर्दिनां-जाँ दारिए.

दारिए यांचा जन्म १८५६ मध्ये पेस्ट शहरात झाला. बुडाशी जोडले जाऊन त्याचे बुडापेस्ट व्हायचे होते. घराणे फ्रेंच प्रोटेस्टंट, बालपण जिनिव्हात, वैद्यकीय शिक्षण पॅरिसमध्ये. कोलेज द फ्रान्समधील राँव्हिए यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकशास्त्राचे, म्हणजे शरीरातील पेशीसमूहांची रचना तपासण्याचे, शिक्षण घेतले होते. १८८९ मध्ये ते ३३ वर्षांचे होते, आणि त्यांच्यासमोर एक विलक्षण रोग होता.

रोगाचे बाह्य रूप असे. छाती, पाठ, मान, कानामागचा भाग, केसांची कड, काखा, जांघा अशा तेलकट किंवा घामट जागी बारीक, टणक, पिवळसर-तपकिरी पुळ्या येतात. प्रत्येक पुळीवर मेणचट खपली असते आणि हात फिरवला तर त्वचा खवल्या कागदासारखी लागते. पुळ्या एकमेकींत मिसळून जाड, खडबडीत चट्टे होतात; काखेत आणि जांघेत ते ओले, मांसल वाढीसारखे दिसतात. खाज असते, कधी आग होते. उन्हाळ्यात, घामाने, उष्णतेने आणि उन्हाने रोग हटकून बळावतो. तळहातावर टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात. नखांवर तांबड्या आणि पांढऱ्या उभ्या रेषा उमटतात आणि नखाच्या मोकळ्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच पडते. तोंडाच्या आतील टाळूवर कधी कधी फरसबंदीसारखे पांढरट उंचवटे असतात.

आणि एक लक्षण असे, की जे कोणत्याही मेणाच्या प्रतिकृतीत उतरत नाही : वास. जाड झालेल्या, ओलसर, भेगाळलेल्या खपल्यांमध्ये जिवाणू वाढतात आणि एक उग्र दुर्गंध सुटतो. रुग्णांच्या दृष्टीने खाजेपेक्षा, दिसण्यापेक्षाही हेच दुःख मोठे असते. माणसे दूर सरकतात. वैशाखाच्या उकाड्यात भरलेल्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये अशा माणसाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला वेगळी करून द्यायला नको.

दारिए यांनी खपल्यांचा चुरा आणि त्वचेचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आता आपणही त्या छेदात डोकावू.

निरोगी बाह्यत्वचा ही विटांच्या भिंतीसारखी असते. तळाशी एका ओळीत उभ्या असलेल्या पेशी सतत विभागतात. त्यांच्या मुली वर सरकत जातात, चपट्या होतात, केराटिन नावाच्या टणक प्रथिनाने भरतात आणि अखेर मृत खवले होऊन गळून पडतात. या प्रवासात शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. दारिए यांच्या छेदात या शिस्तीचा पार बोजवारा उडाला होता. तळाच्या ओळीच्या लगेच वर पेशींचे हात सुटले होते आणि तेथे फटी पडल्या होत्या. फटींच्या वर, मधल्या थरांत, काही पेशी सुट्या होऊन गोल झाल्या होत्या. आत आकसलेले केंद्रक, त्याभोवती स्वच्छ मोकळे वलय आणि बाहेर चकाकणारे जाड कवच, असे त्यांचे रूप होते. आणखी वर, मृत थरात, धान्याच्या दाण्यांसारखे लहान, चपटे, गडद कण विखुरले होते. दारिए यांनी पहिल्यांना नाव दिले ‘कोर राँ’, म्हणजे गोल पिंड; आणि दुसऱ्यांना ‘ग्रँ’, म्हणजे दाणे.

वर्णन अचूक होते. त्यात आजही एक शब्द बदलावा लागत नाही. घोटाळा झाला तो अर्थ लावताना.

हे गोल, दुहेरी कडेचे, पेशीच्या पोटात बसल्यासारखे दिसणारे पिंड दारिए यांना परोपजीवी जीव वाटले. प्राणिशास्त्रज्ञांना असे जीव ठाऊक होते. योहानेस म्यूलर यांनी १८४१ मध्ये माशांच्या अंगावर आढळलेल्या सूक्ष्म परोपजीवींना ‘सोरोस्पर्म’ म्हटले होते, आणि पुढे सशाच्या यकृतात सापडणाऱ्या कॉक्सिडिया गटातील जीवांनाही तेच नाव चिकटले. या जीवांना कवच असते, ते गोल असतात, पेशीच्या आत राहतात. साम्य खरोखरच डोळ्यांत भरणारे होते. बाल्बियानी आणि मालासे यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकांनीही दुजोरा दिला. मग १८८९ मध्ये दारिए यांनी या रोगाचे वर्णन ज्या नावाने प्रसिद्ध केले, त्याचा अर्थ होतो ‘केसांच्या मुळांतील, मांसल वाढ करणारा सोरोस्पर्म-रोग’. त्याच काळात स्तनाग्राच्या पॅजेट रोगातील विचित्र पेशीसुद्धा त्यांना याच कुळातील परोपजीवी वाटल्या होत्या.

आज हे वाचताना हसू येईल. पण जरा त्या दशकाचे हवामान पाहा. १८८० मध्ये लाव्हराँ यांनी मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तात जिवंत परोपजीवी पाहिला. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जगासमोर ठेवला, पाठोपाठ पटकीचा. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्येच पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले. ज्याच्या त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडत होते, आणि बहुतेक खरेच होते. दुसरीकडे आनुवंशिकतेची स्थिती काय होती? मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला होता आणि धूळ खात पडला होता. त्याचा पुनर्शोध १९०० मध्ये लागायचा होता. ‘हा रोग रक्तात आहे’ असे डॉक्टर म्हणत असत. पण तो रक्तात कसा उतरतो, याचे शास्त्र कोणाकडेच नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याची भाषाच उपलब्ध नाही, तो प्रश्न सहसा विचारलाही जात नाही.

शिवाय हा रोग स्वतःच फसवा आहे. मूल निरोगी त्वचा घेऊन जन्मते. पुळ्या दिसू लागतात त्या बहुधा किशोरवयात. चौदा-पंधरा वर्षे नितळ असलेल्या अंगावर एका उन्हाळ्यात खपल्या उठल्या, तर कोणालाही ‘कुठून तरी लागण झाली’ असेच वाटेल. आईला किंवा वडिलांना हा रोग इतका सौम्य असू शकतो, की नखाची एक खाच सोडली तर काहीच दिसत नाही. आणि ती खाच रोगाची आहे हे घरात कोणाच्या मनातही येत नाही.

सुमारे साडेपाच हजार किलोमीटरवर, बोस्टनमध्ये, त्याच १८८९ मध्ये जेम्स क्लार्क व्हाइट यांनी स्वतंत्रपणे हाच रोग नोंदवला. व्हाइट हे हार्वर्डमधील प्राध्यापक. अमेरिकेत त्वचारोगशास्त्राचे पहिले अध्यासन १८७१ मध्ये त्यांच्याकडे आले होते. त्यांनी १८९० मध्ये दुसरा रुग्ण नोंदवला. ही दुसरी रुग्ण पहिल्या रुग्णाची मुलगी होती.

माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला नाही. घरच्या माणसांची चौकशी पुरली. अर्थात एका घरातील दोन रुग्ण संसर्गानेही होऊ शकतात, म्हणून तेवढ्याने वाद मिटला नाही. पण व्हाइट यांच्या रुग्णांच्या त्वचेचे छेद तपासणाऱ्या जॉन बोवेन यांनी दुसरा धक्का दिला. हे गोल पिंड बाहेरून आलेले जीव नाहीत, या त्वचेच्याच पेशी आहेत; अवेळी आणि वाकड्या पद्धतीने केराटिनने भरलेल्या. इतर देशांतील ऊतकतज्ज्ञही लवकरच त्याच निष्कर्षाला आले.

पाठोपाठ १८९१ मध्ये नॉर्वेच्या सीझर बोएक यांनी चार रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील काही एकाच कुटुंबातील होते. येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते टाळवत नाही. सीझर बोएक यांचे काका कार्ल विल्हेल्म बोएक यांनी डानिएलसन यांच्यासमवेत १८४७ मध्ये कुष्ठरोगावरचा युरोपातील गाजलेला ग्रंथ लिहिला होता, आणि त्यात कुष्ठरोग आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन होते. १८७३ मध्ये बर्गनच्या हान्सेन यांनी कुष्ठाचा जिवाणू शोधून तो सिद्धांत मोडीत काढला. हान्सेन हे डानिएलसन यांचेच जावई. म्हणजे काकांनी संसर्गजन्य रोग आनुवंशिक ठरवला, आणि पुतण्याच्या हाती आला तो संसर्गजन्य समजला गेलेला आनुवंशिक रोग.

हा वाद केवळ विद्वानांच्या करमणुकीचा नव्हता. त्वचारोग लागट की वंशपरंपरागत, यावर त्या काळी माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा झाला, आणि निर्धन रुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अंगावर खपल्या आणि दुर्गंध असलेल्या माणसाच्या रोगाच्या नावातच ‘परोपजीवी’ असणे, ही किती जड गोष्ट असेल हे यावरून कळावे.

दारिए यांनी आपले मत पुढे मागे घेतले. आडवळणे घेतली नाहीत, की अपवाद शोधत बसले नाहीत. त्वचेच्या पेशी एकेकट्या, अवेळी केराटिनमय होण्याच्या या विकृतीला त्यांनीच ‘डिस्केराटोसिस’ ही संज्ञा रूढ केली, म्हणजे स्वतःच्या चुकीच्या जागी योग्य संकल्पना स्वतःच ठेवली. एवढेच नव्हे, तर त्यांचा परोपजीवी खोडून काढणाऱ्या बोवेन यांनी १९१२ मध्ये त्वचेच्या एका कर्करोगपूर्व अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा तिला बोवेन यांचे नाव द्यावे असे १९१४ मध्ये सुचवणारे दारिएच होते. वैद्यकाच्या इतिहासात इतके दिलदार प्रतिस्पर्धी फार सापडत नाहीत.

नावाचा गोंधळ मात्र मजेशीर आहे. दारिए यांच्या मूळ नावात सोरोस्पर्म आहे. ते रोगात नाहीतच. व्हाइट यांनी दिलेल्या ‘केराटोसिस फॉलिक्युलॅरिस’ या नावात केसांचे मूळ आहे. पण जेथे केस उगवतच नाहीत त्या तळहातावर आणि टाळूवरही रोग असतो. वर्णनात्मक नावे अशी एकामागून एक खोटी पडली आणि शिल्लक राहिले ते माणसाचे नाव : दारिए रोग, किंवा व्हाइट यांना न्याय देणारे दारिए-व्हाइट रोग.

मग पेशींचे हात सुटतात का? पेशी अशा सुट्या होण्याला व्हिएन्नाच्या आउश्पिट्झ यांनी १८८१ मध्येच ‘अकँथोलिसिस’ हे नाव दिले होते. पण नाव म्हणजे कारण नव्हे. दोन पेशींच्या मधल्या सूक्ष्म गाठी इटलीच्या बित्सोझेरो यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिल्या होत्या, आणि १९२० मध्ये त्यांना ‘डेस्मोसोम’ हे नाव मिळाले. त्यांची खरी रचना दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. शर्टाच्या दाबबटणासारखी ही रचना असते. दोन्ही पेशींच्या कडेला एकेक चकती, आणि प्रत्येक चकतीला पेशीच्या आतून केराटिनच्या तंतूंचे दोर बांधलेले. १९६३ मध्ये कॉलफील्ड आणि विल्ग्रॅम यांनी दारिए रोगाची त्वचा या यंत्राखाली पाहिली, तेव्हा दोर चकत्यांपासून सुटलेले आणि केंद्रकाभोवती गोळा झालेले दिसले. दारिए यांच्या गोल पिंडांचे रहस्य येथे उलगडत होते : बांधणी सुटलेली पेशी गोल होते, आणि सुटलेले तंतू गुंडाळले जाऊन तिला कवचाचा आभास देतात.

दरम्यान आणखी एक सिद्धांत येऊन गेला. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाचा रोग असल्याचे मांडले. अभावाची कल्पना टिकली नाही. पण काही रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्वाने उतार पडत होता हे खरे होते, आणि पुढे त्याच कुळातील रेटिनॉइड औषधे या रोगावरील प्रमुख उपचार ठरली. ती पेशींच्या केराटिनमय होण्याच्या प्रक्रियेला वळण लावतात. रोग मुळातून बरा करत नाहीत, आणि गर्भावर त्यांचे गंभीर दुष्परिणाम होत असल्याने स्त्रियांना ती फार जपून द्यावी लागतात. तर्क चुकीचा आणि औषध उपयोगी, असे वैद्यकात अनेकदा घडले आहे.

शेवटची पायरी जनुकशास्त्राची. ऑक्सफर्डच्या सुझन बर्ज आणि विल्किन्सन यांनी १९९२ मध्ये १६३ रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. हातांवरील खुणा, म्हणजे नखांच्या रेषा, खाचा आणि तळव्यावरचे खळगे, जवळजवळ सर्वच रुग्णांत असतात, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. १९९३ मध्ये दोन ब्रिटिश गटांनी दोषी जागा बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असल्याचे दाखवले. आणि १९९९ मध्ये सकुंताभाई, होव्नानियन आणि सहकाऱ्यांनी जनुक निश्चित केले : ‘एटीपी२ए२’.

हे जनुक कसली कृती देते? कॅल्शियमच्या पंपाची. हा पंप पेशीद्रवातील कॅल्शियम उचलून अंतर्द्रव्यजालिकेच्या कोठारात भरतो. दाबबटणांची प्रथिने याच कोठारात घडतात, आणि त्यांना नीट घडी पडायला तेथे पुरेसे कॅल्शियम लागते. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. दारिए रोगात एक बिघडलेली असते, म्हणजे पंपाचे बळ अर्धे. थंड, शांत दिवसांत अर्ध्यावर कसेबसे भागते. ऊन, उष्णता, घाम, घर्षण यांचा ताण आला की भागत नाही. घडी चुकलेली प्रथिने कडेपर्यंत पोहोचत नाहीत आणि भिंतीच्या विटा सुटू लागतात. रोग उन्हाळ्यात का बळावतो, या जुन्या निरीक्षणाला असे उत्तर मिळाले. एकच बिघडलेली प्रत पुरते, म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला रोग येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी. कधी जनुकातील बदल त्या व्यक्तीतच प्रथम होतो, आणि मग घराण्यात मागे कोणीच रुग्ण नसतो. हा रोग साधारणपणे ३०,००० ते १,००,००० लोकांत एकाला होतो, असा अंदाज दिला जातो.

एका भावंडरोगाचा उल्लेख केल्याशिवाय धागा संपवू नये. १९३९ मध्ये जॉर्जियातील दोन डॉक्टर बंधूंनी, ह्यू आणि हॉवर्ड हेली यांनी, सख्ख्या भावांत आढळलेला आणखी एक त्वचारोग वर्णिला. त्यातही पेशींचे हात सुटतात. छेद पाहून कित्येक वर्षे वाद चालला की हा दारिए रोगाचाच प्रकार आहे की निराळा. २००० मध्ये त्याचेही जनुक सापडले आणि तोही निघाला कॅल्शियमचाच पंप, फक्त गॉल्जी पिंडावरचा. रोग निराळा ठरला, पण घराणे एकच.

दारिए पुढे फ्रेंच त्वचारोगशास्त्राचे अध्वर्यू झाले. पॅरिसजवळच्या लाँपाँ या गावाचे ते महापौर होते आणि १९३८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. आज पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेतून या रोगाच्या बायोप्सीचा अहवाल येतो, तेव्हा त्यात तेच दोन फ्रेंच शब्द छापलेले असतात : ‘कोर राँ’ आणि ‘ग्रँ’. त्यांतला पहिला शब्द दारिए यांनी एका परोपजीवीसाठी योजला होता.